कमल बस्ती आणि वेणुग्रामचे व्यापारी

बेळगावच्या किल्ल्याचा खंदक ओलांडून आत गेले की एकाच तटाच्या आत कित्येक शतकांचा इतिहास उभा दिसतो. प्रवेशद्वाराशी गणपती व दुर्गा यांची देवळे आहेत. आत कमल बस्ती व पडझड झालेली चिक्क बस्ती आहे. आणि आदिलशाही सरदार असदखान याने १५१९ च्या सुमारास बांधविलेली सफा मशीदही आहे. १८१८ मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. राज्ये बदलली, परंतु दगड बोलत राहिले.

या साऱ्यांत कमल बस्तीचा मान आम्हां जैन व्यापाऱ्यांना विशेष वाटावा, याचे कारण केवळ धार्मिक नव्हे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इ. स. १२०४ च्या सुमारास हे जिनालय उभारले. बेळगाव तेव्हा वेणुग्राम या नावाने ओळखले जात असे. आतील स्तंभ घोटून गुळगुळीत केलेले असून मंडपाच्या छताला पाषाणाचे एक भव्य कमळ खाली झुकलेले आहे. त्यावरूनच बस्तीस हे नाव पडले. गाभाऱ्यात भगवान नेमिनाथांची मूर्ती विराजमान आहे.

परंतु जिनालय बांधणे एक आणि ते चालविणे दुसरे. येथील १२०४ च्या शिलालेखांत राजाच्या दानाबरोबर व्यापाऱ्यांच्या दानाचीही नोंद आहे. वेणुग्रामच्या पेठेतील स्थानिक व्यापारी, तसेच लाट म्हणजे गुजरातेकडील व मलयाळ देशाकडील व्यापारी एकत्र जमले आणि मालाच्या उलाढालीतील ठराविक वाटा जिनालयास देण्याचे त्यांनी ठरविले. प्रांत निराळे, भाषा निराळ्या, पण ठराव एक! आडतीच्या पट्टीतून धर्मादायाची रक्कम वेगळी काढण्याची जी रीत आपल्या वाडवडिलांनी पाळली, तिचेच हे फार जुने रूप नव्हे काय?

खेदाची गोष्ट ही की, ते शिलालेख आज बस्तीत नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे दर्शनास येणारी आपली मुले कमळ पाहतात, पण त्यामागचा हिशेब त्यांना दिसत नाही.

वास्तूची निगा पुरातत्त्व खात्याकडे आहे; तेथे आपण हात घालू नये हेच योग्य. तथापि या लेखांचा ठसा मिळवून मराठी व कानडी अनुवादासह तो आपल्या संघाच्या सभागृहात लावणे हे काम आपल्या आवाक्यातील आहे. बेळगाव-निपाणीच्या सभासदांनी यंदाच्या धर्मादायातील थोडा भाग त्यासाठी राखावा, अशी आमची नम्र सूचना आहे. आठशे वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी दिलेला शब्द दगडावर कोरला गेला. तो वाचता येईल एवढी व्यवस्था करणे, हे त्यांच्या वारसांचे कर्तव्य होय.