रद्दी, निळे पाणी आणि खिडकीची बाहेरची बाजू

दिवाळी जवळ आली की मराठी घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक, चकलीची भाजणी यंदा कुठून आणायची याची चर्चा. आणि दुसरी, साफसफाईची मोहीम. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पंख्याची पाती पुसली जातात, देवघरातली पितळ चिंचेने उजळते. या मोहिमेत सर्वांत शेवटी नंबर लागतो तो खिडक्यांच्या काचांचा. तोवर घरातल्या सगळ्यांचे हात दुखू लागलेले असतात. म्हणूनच की काय, काचा कशाने पुसाव्यात यावरचा वाद काचा पुसण्यापेक्षा जास्त वेळ चालतो.

आमच्या घरी या बाबतीत दोन उघड पक्ष आहेत. सासूबाई रद्दीच्या पक्षाच्या. "अगं, पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाल, पेपरचा बोळा कर आणि पूस. आरशासारखी होते की नाही बघ!" हे त्यांचे मत. माझी लेक दुकानातल्या निळ्या पाण्याच्या बाटलीच्या पक्षाची. "आजी, दोनदा फवारा मारला की काम झालं!" हे तिचे उत्तर. मी दोघींच्या मध्ये स्टुलावर उभी असते आणि स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला मत नसते.

खरे पाहता काचेची खिडकी हा आपल्याकडे तसा नवाच पाहुणा. गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. त्या डोळ्याला काच नव्हती. 'तावदान' हा शब्दही फारसीतल्या 'ताबदान'वरून आला. त्यातल्या 'ताब'चा अर्थ उजेड, तेज. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना बाहेरून गज आणि आतून लाकडी झडपा असत. काचेचे नाव बहुधा नसे. गोव्यातल्या जुन्या घरांतून आजही शिंपल्यांच्या खिडक्या पाहायला मिळतात. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या असतात आणि त्यांतून दुधासारखा मऊ उजेड आत येतो. अशी खिडकी कुणाच्या घरी असेल तर एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. तिला लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. शिंपला म्हणजे एक प्रकारचा चुनाच. आंबट पदार्थ त्याला हळूहळू खाऊन टाकतो.

आपल्या आजी-पणजींनी काच पुसण्याचा पहिला धडा घेतला तो खिडकीवर नव्हे, तर कंदिलाच्या चिमणीवर. चुलीतली राख फडक्यावर घेऊन चिमणी चोळली की काजळी जाई. त्यात जादू काही नव्हती. लाकडाच्या राखेत क्षार असतात आणि क्षार तेलकटपणा कापतो. फक्त राखेत एखादा खडा राहिला तर काचेवर ओरखडा उमटे. खडूची भुकटी पाण्यात कालवून काचेला लावायची, वाळली की कोरड्या फडक्याने पुसून काढायची, ही दुसरी रीत. खडू काचेपेक्षा मऊ असतो. तो मळ सोबत घेऊन निघतो, पण काचेला चरा पाडत नाही.

आणि रद्दीचे काय? तिच्याही बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वर्तमानपत्राचा कागद पाणी चटकन शोषतो आणि जुन्या धोतराच्या फडक्यासारखी त्याची लव काचेवर चिकटत नाही. दोष एवढाच की हात काळे होतात आणि चौकट पांढऱ्या रंगाची असेल तर तीही काळी होते. गुळगुळीत, रंगीत कागद मात्र या कामी निरुपयोगी. तो पाणी शोषतच नाही. तेव्हा दिवाळी अंकांना या बाबतीत भिण्याचे कारण नाही!

सासूबाईंच्या लहानपणी तावदानांवर एक वेगळेच काम येऊन पडले होते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईला ब्लॅकआउट होता. घरातला उजेड बाहेर दिसू नये म्हणून काचांना काळे, खाकी कागद चिकटवले जात. युद्ध संपल्यावर कागद निघाले, पण खळ निघेना. तेव्हा गरम पाण्याची फडकी काचेवर दाबून धरायची, खळ मऊ झाली की दाढीच्या जुन्या ब्लेडने अलगद खरवडायची, असे काम दादरच्या त्यांच्या चाळीत चार दिवस चालले होते. "चौथ्या दिवशी काच स्वच्छ झाली नि समोरच्या घरातला दिवा दिसला," असे त्या सांगतात.

आता नव्या पक्षाकडे वळू. काच पुसण्यासाठी बाटलीतले तयार औषध ही कल्पना आता जुनी म्हणावी इतकी जुनी आहे. अमेरिकेत विंडेक्स बाजारात आले ते १९३३ साली. आजच्या अशा औषधांत बहुतेक पाणीच असते. त्याच्या जोडीला थोडे अल्कोहोल किंवा तत्सम द्रव, थोडा साबणाचा अंश आणि काहींत अमोनिया. मळ सुटतो आणि ओल लवकर उडते, एवढेच त्याचे रहस्य. काचेला उन्हाची काळी फिल्म चिकटवलेली असेल तर अमोनियाचे औषध वापरू नये. फिल्म खराब होते. आणि ब्लीचिंगचे पाणी अमोनियात किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

माझ्या मते खरा बदल औषधाने केला नाही, तो केला रबराच्या पट्टीने. एत्तोरे स्तेक्कोने नावाच्या इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एका खिडक्या पुसणाऱ्या कारागिराने हलकी, पितळी दांड्याची, एका रबरी पातीची पट्टी बनवली आणि १९३६ साली तिचे पेटंट घेतले. जगभरचे कारागीर आजही त्याच घडणीची पट्टी वापरतात. ती मळ पुसत नाही. मळ आणि पाणी दोन्ही काचेवरून ओढून नेते. फडके मात्र पुष्कळदा मळ इकडचा तिकडे करते. अलीकडच्या मायक्रोफायबर फडक्याचे तंतू इतके बारीक असतात की ते नुसत्या पाण्यानेही तेलकट डाग उचलतात.

मग जिंकले कोण? माझा निवाडा असा की भांडण फडक्याचे किंवा औषधाचे नसून पाण्याचे आणि वेळेचे आहे. बोअरिंगचे पाणी जड असते. ते काचेवरच वाळले की पांढरे ठिपके राहतात. म्हणून काच कधी उन्हात पुसू नये. सकाळी लवकर किंवा सावली आल्यावर पुसावी. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, कारण धुळीतली वाळू काचेपेक्षा कठीण असते आणि ओल्या फडक्याखाली ती ओरखडे पाडते. मग बादलीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून काच धुवावी, वरून खाली पट्टी ओढावी आणि दर ओढीनंतर पट्टी पुसावी. फोडणीच्या वाफेने मेणचटलेल्या स्वयंपाकघराच्या काचेला कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा. पांढऱ्या ठिपक्यांना व्हिनेगर. मात्र खाली संगमरवर किंवा शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर व्हिनेगर सांडू देऊ नये. आणखी एक युक्ती सांगते : आतल्या बाजूने आडवे पुसावे, बाहेरून उभे. मग रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूची, हे लगेच कळते.

पण या 'बाहेरून' शब्दापाशीच खरा प्रश्न उभा राहतो.

वाड्याची झडप आत उघडत असे. घरातल्या बाईने आत उभे राहून तिच्या दोन्ही बाजू पुसाव्यात, अशीच तिची रचना होती. आज आपण सातव्या, सतराव्या मजल्यावर राहतो आणि सरकत्या काचेची बाहेरची बाजू आतून हाताला लागत नाही. मग दिवाळीच्या आठवड्यात समोरच्या इमारतीकडे नजर टाकावी तर हटकून एक दृश्य दिसते : कामाला येणारी बाई खिडकीबाहेरच्या अरुंद कठड्यावर उभी असते, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात फडके. घरातली माणसे आत फराळाचे डबे भरत असतात.

ब्रिटिश पार्लमेंटने १८४७ साली शहरांतल्या रस्त्यांसाठी एक कायदा केला. आपल्या नोकराला खिडकीच्या कठड्यावर उभे करून बाहेरून काच पुसायला किंवा रंगवायला लावणे, हा त्यात गुन्हा ठरवला होता. सूट होती ती फक्त तळघराच्या खिडकीला. दंड चाळीस शिलिंगांपर्यंत किंवा चौदा दिवसांपर्यंत कैद. कायद्याला चिंता रस्त्याने जाणाऱ्यांचीही होती, हे खरे; पण शिक्षा कठड्यावर उभ्या राहिलेल्या नोकराला नव्हती, उभे करणाऱ्या मालकाला होती. ही गोष्ट मला मोठी समजूतदार वाटते.

आमच्याकडच्या मावशींनी मागे एकदा विचारले, "ताई, वरची काच राहिली. चढू का बाहेर?"

"नको मावशी, राहू द्या."

"पण डाग दिसतोय ना! पाहुणे यायचेत."

"दिसू द्या. पाहुणे फराळाला यायचेत, काच बघायला नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "बरोबर बोललीस." इतर बाबतींत त्या माझ्याशी सहसा सहमत होत नाहीत.

उपाय नाहीत असे नाही. लांब दांड्याची पट्टी खोलीत उभे राहून जितकी पोचेल तितकी पोचवावी. काचेच्या दोन्ही बाजूंनी चिकटणारे लोहचुंबकाचे पुसणे मिळते; ते घेताना आपल्या काचेची जाडी पाहून घ्यावे आणि बाहेरच्या तुकड्याची दोरी घट्ट बांधावी, नाहीतर तो खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर जाईल. सोसायटीने वर्षातून एकदा दोर, पट्टे आणि शिरस्त्राण घेऊन येणाऱ्या शिकलेल्या कामगारांना बोलवावे. खर्च सर्वांत वाटला की फारसा जाणवत नाही. विज्ञानही थांबलेले नाही. ब्रिटनमधल्या पिल्किंग्टन कंपनीने २००१ साली आपली आपण स्वच्छ होणारी काच आणली. तिच्यावरचा टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर उन्हात मळ सुटा करतो आणि पाऊस तो धुऊन नेतो. नवे घर बांधणाऱ्यांनी काचेच्या रंगापेक्षा एवढे जरूर विचारावे, की ही खिडकी आत उघडते का?

बाकीच्यांनी निदान यंदा एक करावे. आतली बाजू रद्दीने पुसा, निळ्या पाण्याने पुसा, आवडेल त्याने पुसा. बाहेरची जेवढी हाताला येईल तेवढीच पुसा आणि कामाच्या बाईला हे आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा. कारण ती आपण होऊन 'नाही' म्हणणार नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यात डाग राहील. राहू द्या. त्या डागातून आकाशकंदिलाचा उजेड काही कमी दिसत नाही.