मूल बोलत नाही, हाकेला वळत नाही? पेठमधून वर्तनोपचार कसे सुरू करायचे

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं तरी ‘अम्मी’, ‘अब्बू’ म्हणत नाही. नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. गाडी चालवण्याऐवजी तासन्‌तास तिचं चाकच फिरवत बसतं. दादी म्हणते, “याचे अब्बूपण उशिराच बोलले होते.” शेजारची खाला म्हणते, नजर लागली. कुणी म्हणतं, घरात उर्दू, बाहेर मराठी, म्हणून पोर गोंधळलंय. आणि शेवटी बोट आईकडेच जातं : मोबाईल तूच दिलास!

या सगळ्यात वर्ष-दीड वर्ष निघून जातं. लहानपणीचा हा काळ मुलासाठी फार मोलाचा असतो. म्हणून पेठसारख्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्या कुटुंबाने नेमकं काय करायचं, ते आम्ही इथे क्रमाने सांगत आहोत.

आधी गैरसमज दूर करू

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात वेगळी धाटणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार जगात साधारण 127 माणसांमागे एकाला ऑटिझम असतो. तो आईच्या दुर्लक्षामुळे होत नाही, जिन-आसेबामुळे होत नाही, घरात दोन भाषा असल्यामुळेही होत नाही. लसीमुळे होतो असं सांगणारा 1998 चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. त्यामुळे गोवराची लस टाळू नका.

दुआ जरूर करा. पण दम करून आणलं म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. दुआ आणि इलाज यात भांडण नाही.

पहिलं पाऊल : तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. मूल अंगणवाडीत जात नसेल तर आशाताईंना सांगा किंवा थेट ग्रामीण रुग्णालयात जा. “उशिरा बोलतो” एवढंच सांगून थांबू नका. बोट दाखवून वस्तू मागतो का, हाकेला वळतो का, इतर मुलांत खेळतो का, येत असलेले शब्द बोलणं थांबलंय का, हेही सांगा. घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत ठेवा. परक्या जागी मूल वेगळं वागतं, त्यामुळे त्याचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

पुढची तपासणी जिल्हा पातळीवर होते. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र निदान व उपचार केंद्रं (डीईआयसी) याच कामासाठी आहेत आणि तिथली सेवा मोफत असते. कानाची तपासणीही करून घ्या. ऐकू कमी येत असेल तरी मूल हाकेला वळत नाही.

वर्तनोपचार म्हणजे काय?

यात गोळी-इंजेक्शन नसतं. प्रत्येक वागण्यामागे काही कारण असतं, ते शोधून मुलाला दुसरा सोपा मार्ग शिकवायचा, हे त्याचं मूळ. थेरपिस्ट तीन गोष्टी पाहतात : आधी काय घडलं, मूल कसं वागलं, नंतर त्याला काय मिळालं.

समजा, मूल दुकानासमोर जमिनीवर लोळून किंचाळतं. लोक बघतात म्हणून आपण घाईने बिस्कीटपुडा हातात देतो. मूल काय शिकलं? किंचाळलं की बिस्कीट मिळतं. आता आधी घरी, शांत वेळी, बिस्किटाचं चित्र हातात द्यायला किंवा बोट दाखवायला शिकवायचं आणि तसं केलं की लगेच बिस्कीट द्यायचं. मागण्याचा मार्ग मिळाला की किंचाळणं हळूहळू कमी होऊ शकतं.

दुसरी पद्धत म्हणजे कामाचे तुकडे करणं. वुजूचंच घ्या. आपल्याला ते एक काम वाटतं, मुलासाठी ती दहा-बारा कामं आहेत. आधी फक्त हात धुणं, ते जमलं की कुल्ली. भिंतीवर क्रमाने चित्रं लावा, जमलं की लगेच शाबासकी द्या. दात घासणं, कपडे घालणं हेही असंच शिकवता येतं.

घाट ओलांडून रोज कोण जाणार?

खरी अडचण इथे आहे. नाशिक पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मध्ये सावळघाट. रोजंदारी बुडवून आठवड्यातून तीनदा एसटीने जाणं कुणाला परवडेल?

यावर आपल्या शेजारच्या गोव्यातला एक अनुभव दिलासा देतो. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतल्या संशोधकांनी मिळून 65 मुलांचा अभ्यास केला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. सहा महिन्यांत बारा बैठका झाल्या. त्यानंतर आईवडील मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली.

म्हणून केंद्रात पहिल्याच दिवशी सांगा, “आम्ही लांबून येतो. आम्हाला शिकवा, घरी रोज करू.” पुढच्या भेटीपर्यंतची दोन-तीन उद्दिष्टं लिहून घ्या. घरी वीस-वीस मिनिटांच्या दोन वेळा ठरवा. अम्मी, अब्बू, दादी, फुफी, सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची. एकाने नाही म्हटलं आणि दुसऱ्याने मोबाईल दिला, तर मूल गोंधळतं.

केंद्र निवडताना

- स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारा.
- आईवडिलांना आत बसू देत नसतील तर सावध व्हा.
- मारणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं हा उपचार नाही.
- “तीन महिन्यांत बरा करतो” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलं आहे.
- नजरेला नजर द्यायची जबरदस्ती, हात हलवणं बंद करण्याचा हट्ट, याबद्दल मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक व्यक्तींनीच तक्रार केली आहे. मूल ‘नॉर्मल दिसणं’ हे ध्येय नाही. त्याला मागता यावं, सांगता यावं, स्वतःचं करता यावं, हे ध्येय.

कागदपत्रं लवकर करा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, एसटीतही सवलत आहे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत येतो. “कार्ड काढलं तर लोकांना कळेल” म्हणून मागे राहू नका, विशेषतः मुलगी असेल तर. लग्नाच्या काळजीने मुलीला लपवणं म्हणजे तिचा इलाज थांबवणं.

मोहल्ल्याने काय करावं?

रमजानमध्ये घराचं वेळापत्रक बदलतं, सहरीला भांडी वाजतात, ईदला नवे टोचरे कपडे आणि गर्दी. अशा मुलाला हे सगळं जड जातं. कुटुंबाने आधीपासून चित्रांतून सांगावं, कपडे दोन-तीनदा घालून पाहावेत, दावतीत शांत खोली ठेवावी. मशिदीत मूल ओरडलं तर वळून बघू नका, बापाला जागा करून द्या. गरीब कुटुंबाच्या नाशिकच्या फेऱ्यांसाठी जकात-सदक्यातून काय करता येईल, हे जमातीने आलिमांना विचारून ठरवावं.

सुरुवात छोटीच असते. या आठवड्यात आशाताईंना भेटा, व्हिडिओ काढून ठेवा. आणि त्या आईला आज एवढंच सांगा, यात तुझा काही कुसूर नाही.