कुंपण आपले, कोपरा सगळ्यांचा

घर बांधणारा माणूस दारे-खिडक्यांसाठी दहा दुकाने पालथी घालतो आणि कुंपणाचे काम मात्र गवंड्यावर सोपवून मोकळा होतो. आमच्या एका नातेवाइकांनी तेच केले. कोपऱ्यावरचा प्लॉट, मनात चोरांची भीती. सात फुटी विटांची भिंत उभी राहिली आणि महिनाभरात नगरपालिकेची नोटीस आली. "शेजारच्या गावात साडूची भिंत एवढीच उंच आहे, त्याला कोणी विचारत नाही," असे त्यांचे गाऱ्हाणे. साडूचे घर कोपऱ्यावर नव्हते आणि त्याच्या भिंतीचा वरचा तीन फूट भाग जाळीचा होता, हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार घराच्या आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट. वरचा ०.९ मीटर भाग गज किंवा जाळीचा, आरपार दिसेल असा ठेवला, तर २.४ मीटरपर्यंत जाता येते. कोपऱ्यावर मात्र दोन्ही रस्त्यांच्या बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, जेमतेम अडीच फूट. त्यावर हवे तर तेवढ्याच उंचीचे कठडे. फाटकही आतच उघडायला हवे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? मोटार चालवणाऱ्याची नजर रस्त्यापासून चार फुटांच्या आतबाहेर असते. पाच फुटी विटांच्या भिंतीमागून सायकलवर येणारे मूल त्याला दिसतच नाही. अडीच फुटी भिंतीवरून दिसते. कोयनेलची किंवा मेंदीची दाट वई वाढू दिली, तर तिचाही आडोसा भिंतीइतकाच होतो. झाडाला नोटीस येवो न येवो, कोपऱ्यावर कात्री चालवलेली बरी.

गाव बदलले की नियम बदलतात, हेही खोटे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत हीच मापे सुचवली आहेत, पण राज्याने किंवा स्थानिक संस्थेने स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक होत नाहीत. मुंबई, लोणावळा आणि थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिका राज्याच्या एकत्रित नियमावलीतून वगळल्या आहेत. त्यामुळे ठाण्याहून मुलुंडला गेलात की नियमांचे पुस्तकच बदलते. चंडीगडमध्ये तर आवारभिंत आणि फाटक यांचे नमुनेच प्रशासनाने ठरवून दिले आहेत, आणि तिला खेटून असलेली पंचकुला हरियाणात, मोहाली पंजाबात! म्हणून साडूची भिंत पाहून नव्हे, आपल्या नगरपालिकेत विचारून पाया खणावा; मंजुरीच्या नकाशात कुंपणही दाखवून घ्यावे.

नातेवाइकांनी शेवटी कोपऱ्यावरची भिंत उतरवून तिथे लोखंडी गज बसवले. उतरवलेल्या विटा अजून अंगणात रचून ठेवलेल्या आहेत. चोर काही आलेला नाही. शाळा सुटल्यावर त्या वळणावरून मुलांच्या सायकली सुसाट जातात, त्या मात्र आता त्यांना ओसरीतून दिसतात.