जठराची खिडकी

पावसाळ्यात एखादे मूल पानावर बसते खरे, पण दोन घास खाऊन उठते. पोट जड वाटते, करपट ढेकर येतात, मळमळते. आजी म्हणते, "याचा अग्नी मंद झाला आहे," आणि त्याच्यापुढे मऊ भात किंवा पेज येते. पोटातील हा अग्नी म्हणजे नेमके काय? जिवंत माणसाच्या जठरात डोकावून या प्रश्नाचा नीट शोध घेण्याची संधी एका अपघाताने मिळाली.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापाराच्या एका दुकानात बंदुकीचा बार चुकून उडाला. जवळच उभा असलेला अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा कॅनडाचा तरुण नावाडी कोसळला. तेथील लष्करी वैद्य विल्यम बोमाँट यांना तो वाचेल अशी आशा नव्हती. परंतु तो वाचला. जखम भरली, मात्र जठराला पडलेले छिद्र कायम राहिले. जठराच्या अस्तराचाच एक पडदा त्यावर आला. तो बोटाने आत सारला की जठराचा आतील भाग दिसे.

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला निरनिराळ्या मांसाचे तुकडे, शिळ्या पावाचा तुकडा आणि चिरलेला कोबी बांधून ते त्या छिद्रातून आत सोडले. तासाभराने दोरा ओढून पाहिला, तेव्हा पाव आणि कोबी सुमारे अर्धे विरघळले होते. मांस जसेच्या तसे होते. पुढे त्यांनी जठरातील रस काढून कुपीत घेतला आणि त्यात मांस टाकले. कुपी उबदार पाण्यात ठेवली असता मांस हळूहळू विरघळले. गारठ्यात ठेवलेल्या रसात ते नुसते भिजत पडले. जठरातील उष्णता त्यांनी मोजली, ती सुमारे १०० अंश फॅरनहाइट भरली. अन्न पचवतो तो रस, आणि त्या रसाला ऊब लागते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. पोटात ज्वाला नसली, तरी आजीचा शब्द अगदीच निराधार नव्हता!

थंडगार पाणी प्याल्यावर जठराची उष्णता एकदम उतरते आणि पूर्ववत होण्यास बराच वेळ लागतो, हेही त्यांना दिसले. निरोगी पोटाला एखादा पेला बाधत नाही, हे खरे. पण दुखणाइताचे पोट निराळे असते. सेंट मार्टिनला ताप आला, की जठराचे अस्तर लाल व कोरडे पडे, रस फारच थोडा पाझरे आणि खाल्लेले अन्न न पचता तसेच पडून राही. तो फार संतापला, तर जठरात पित्त उतरलेले दिसे. रडतरागत जेवणाऱ्या मुलाचे पोट का दुखते, हे यावरून उमगेल.

बोमाँट यांनी पदार्थांच्या पचनाचा वेळही टिपून ठेवला. शिजवलेला भात १ तासात जठरातून गेला, साबुदाणा पावणेदोन तासांत. भाजलेल्या डुकराच्या मांसाला मात्र सव्वापाच तास लागले. तेव्हा आजारातून उठलेल्या मुलाला मऊ भात देण्यात मोठेच शहाणपण आहे. अशा वेळी थोडे थोडे, कोमट आणि नीट चावून खावे. दातांनी टाळलेले काम जठराला करावे लागते. तळलेले काही दिवस दूर ठेवावे. जेवणानंतर लगेच धावू नये. दुखणे दोनचार दिवसांत थांबले नाही, किंवा शौचातून रक्त पडले, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांकडेच जावे.

बोमाँट यांचा ग्रंथ १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव सर्वत्र गेले. पोट मात्र सेंट मार्टिनचे होते! पोटात दोरे व नळ्या घालून घेताना त्याला मळमळे, वेदना होत, आणि तो चिडे. गरिबीमुळे त्याने पैशांच्या करारावर हे सोसले. तरी एकदा तो न सांगता कॅनडात निघून गेला. पुढे त्याने संसार थाटला, कष्टाची कामे केली आणि बोमाँट यांच्यामागे २७ वर्षे जगून १८८० मध्ये देह ठेवला. वैद्यांनी ते जठर तपासण्यासाठी मागितले. त्याच्या कुटुंबाने ते दिले नाही.