तांब्याचें बळ

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत हातोड्यांचा नाद ऐकून, ठोक्यांनीं तांबें नरम होत असावें, असें आम्हांस पूर्वीं वाटे. सत्य उलट आहे. तांबें सूक्ष्म स्फटिककणांचें बनलेलें असतें. ठोक्यांनीं ते कण चेपतात, त्यांतील अणूंची रचना विसकटते व धातु कठीण होतो. तसेंच ठोकीत राहिल्यास पत्रा तडकतो. म्हणून कारागीर तो लाल तापवितो. तांबें १०८५ अंश सेल्सिअसला वितळतें. परंतु त्याच्या पुष्कळ आधींच, घन स्थितींतच, जुन्या कणांच्या जागीं नवे कण जन्मतात व मार्दव परत येतें. शेवटीं ओळीनें ठोके देऊन मठार काढितात. त्यानंतर भांडें लाल तापवीत नाहींत. मठार ही केवळ शोभा नव्हे. यास्तव रिकामा हंडा विस्तवावर विसरूं नये. नक्षी राहील, पण बळ जाईल.