ब्लॉगवरच्या जाहिराती: मिळकत किती, कर किती आणि व्हिसाचे काय?

आपल्या मंडळात पाककृतींपासून बागकामापर्यंत सगळ्या विषयांवर ब्लॉग लिहिणारी बरीच मंडळी आहेत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर असल्यामुळे "ब्लॉगवर जाहिराती कशा लावायच्या?" हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. ते काम अर्ध्या तासाचे आहे. पण त्याआधी पाहायच्या दोन गोष्टी, व्हिसा आणि कर, यांबद्दल क्वचितच कोणी विचारते; म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पैसे येतात कुठून ते पाहू. गूगलची अ‍ॅडसेन्स योजना २००३ साली सुरू झाली. आपण पानावर जागा द्यायची. ती कोणत्या जाहिरातदाराला मिळावी याचा लिलाव वाचक पान उघडतो त्या क्षणी होतो आणि जाहिरातदाराच्या पैशांपैकी साधारण ६८ टक्के आपल्या वाट्याला येतात. पूर्वी मुख्यतः क्लिकवर पैसे मिळत, २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर मिळतात. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय मात्र काही हातात पडत नाही. आणि हो, घरच्यांना "रोज एकेकदा क्लिक करा" असे सांगू नका. गूगलला ते कळते आणि खाते बंद होते.

भाव बराचसा वाचक कुठे बसला आहे यावर ठरतो. न्यू जर्सीतल्या वाचकासाठी जाहिरातदार जे मोजतो, त्यापेक्षा साताऱ्यातल्या वाचकासाठी पुष्कळच कमी मोजतो. त्यामुळे मराठी ब्लॉगला वाचक भरपूर आणि पैसे बेताचे, असे होते. (म्हणून मराठीत लिहू नये, असे मला मुळीच सुचवायचे नाही!) वर्षअखेरीस भाव चढतात, जानेवारीत उतरतात, चकलीच्या कृतीला दिवाळीत दुहेरी फायदा.

समजा, महिन्याला २०,००० वेळा पाने उघडली गेली आणि दर हजारी ३ डॉलर मिळाले, तर महिन्याचे ६० आणि वर्षाचे ७२० डॉलर झाले. नोकरी सोडण्याजोगा हा आकडा नव्हे. यूट्यूबवर वाटा ५५ टक्के असला, तरी जाहिरातींसाठी आधी १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण जमवावे लागते. (लहान शॉर्ट्सचे नियम निराळे.)

दुसऱ्याच्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांनी हफिंग्टन पोस्टचे उदाहरण ध्यानात ठेवावे. २०११ साली एओएलने ते ३१ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतले. तिथे वर्षानुवर्षे फुकट लिहिणाऱ्यांनी आपला वाटा मागून दावा लावला. २०१२ साली कोर्टाने तो फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनच त्यांनी लिहिले होते, असे कोर्टाचे म्हणणे पडले. तेव्हा जाहिरातीतला हिस्सा लेखी ठरला नसेल, तर तो नाही असेच समजावे.

आता व्हिसा. आपल्याकडे ब्लॉग लिहिणाऱ्यांत एच-४ वर आलेल्या वहिनी पुष्कळ आहेत. हौसेने लिहायला कोणाचीच हरकत नाही; प्रश्न पैसे सुरू झाले की येतो. एच-४ वर कामाचा परवाना नसताना काम करता येत नाही, आणि स्वतःचा व्यवसाय हेही कामच. एच-१ वाल्यांना अर्ज करणाऱ्या मालकाकडेच काम करण्याची मुभा असते. "जाहिरात आपोआप चालते, मी कुठे काम करते?" हा युक्तिवाद मी खूपदा ऐकला आहे. पण दर आठवड्याला नवा लेख लिहून पैसे मिळवणे म्हणजे बसल्या जागी आलेले व्याज नव्हे. वकिलांतही याबाबत एकमत नाही, आणि पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात विनापरवाना काम केले का, हा प्रश्न विचारला जातो. महिन्याच्या ६० डॉलरसाठी तो धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडीदाराचा आय-१४० मंजूर झालेल्या एच-४ धारकांना २०१५ पासून परवाना मागता येतो. तो हाती येईपर्यंत जाहिराती बंद ठेवा. खाते भारतातल्या सासूबाईंच्या नावावर काढणे हा उपाय नाही. लिहिणारे आपण, तर उत्पन्नही आपलेच.

परवाना किंवा ग्रीन कार्ड असेल तर उरतो कर. कंपनीकडून १०९९ फॉर्म आला नाही तरी उत्पन्न दाखवावेच लागते. ब्लॉग व्यवसाय म्हणून चालवत असाल तर ते शेड्यूल सी वर जाते आणि निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा जास्त असेल तर शेड्यूल एसई भरून १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागतो. वरच्या ७२० मधून डोमेन आणि होस्टिंगचे १२० वजा केले, तर उरलेल्या ६०० वर हा कर सुमारे ८५ डॉलर. नेहमीचा आयकर वेगळा. एकूण कराची बाकी १,००० डॉलरच्या वर जाण्याचा संभव असेल, तर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीत हप्ते भरा, नाहीतर नोकरीतली करकपात वाढवून घ्या. नुसती हौस म्हणून दाखवलेत तर स्वयंरोजगार कर टळतो, पण २०१८ पासून हौशीचा खर्च वजा करता येत नाही.

खर्चाच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्यात. कॅमेरा घरीही वापरत असाल, तर ब्लॉगपुरताच हिस्सा धरा. आणि ज्या पुरणपोळ्यांचे फोटो काढून झाल्यावर त्या घरच्यांनीच फस्त केल्या, त्यांच्या डाळगुळाचे बिल शेड्यूल सी वर न चढवलेलेच बरे.