नरहरी, पीटर पार्कर आणि संन्यासाची ओढ

कलबुर्गी जिल्ह्यातलं गाणगापूर भीमा-अमरजा संगमाजवळ आहे. तिथे राहिलेल्या, दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींची कथा सांगणारं ‘गुरुचरित्र’ महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना सप्ताह करून वाचलं जातं. संन्यासाची ओढ खरी की तात्पुरती, हे त्यातून तरुण पोरांना समजावायचं तर सुपरहीरोंचे सिनेमे सोबतीला घ्यायला हरकत नाही.

आधी घर

कारंजाचा नरहरी, म्हणजे पुढचे नृसिंह सरस्वती, मुंजीपर्यंत ओंकाराखेरीज काही बोलला नाही, असं ग्रंथ सांगतो. मुंजीत तोंड उघडलं ते वेद म्हणत. मग त्याने आईकडे घर सोडायची परवानगी मागितली. आई रडली. तो थांबला, धाकटी जुळी भावंडं झाल्यावरच काशीला गेला आणि तिथे कृष्ण सरस्वतींकडून संन्यास घेतला.

‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मधल्या पीटर पार्करची ओढाताण अशीच आहे. भाडं थकलंय, कॉलेजचा अभ्यास मागे पडलाय, मे काकूंच्या घरावर जप्तीची टांगती तलवार. मन द्विधा झालं तसं ऐन झेपेत हातातून जाळंच सुटेना. शेवटी तो पोशाख गल्लीतल्या कचरापेटीत टाकून मोकळा होतो. पीटर काकूंपासून लपवतो, नरहरीने आईला विचारलं. मला तरी नरहरीची रीत जास्त धीराची वाटते.

गुरूकडे कशाला जायचं?

‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) मधला सर्जन अपघातात निकामी झालेले हात बरे करून घ्यायला काठमांडूला जातो. हाकलून दिल्यावरही दारातच ठाण मांडतो. पुढे विद्या मिळते, हात मात्र थरथरतेच राहतात. गाणगापुरातही माणसं व्याधी, बाधा, नाहीतर लग्नाचं गाऱ्हाणं घेऊनच येतात. एखादाच सेवेला राहून जातो. ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) मध्ये गुरू गुन्हेगाराला ठार करायला सांगतो आणि शिष्य साफ नकार देतो. दीक्षा घेऊ पाहणाऱ्याने हाही प्रसंग ध्यानात ठेवावा.

मुखवटा

सुपरहीरो मुखवट्याआड लपतो, तसं गुप्त राहणं गुरुचरित्रातही आहे. ग्रंथाच्या अखेरीस बिदरच्या सुलतानाच्या मांडीवरचा फोड स्वामींच्या कृपेने बरा होतो. स्वामी त्याच्याबरोबर बिदरलाही जातात. पण आता बोलबाला होणार, हे ओळखून ते श्रीशैलाची वाट धरतात आणि गाणगापुरात गुप्तपणे राहीन असं भक्तांना सांगतात.

बिदरचीच दुसरी आख्यायिका दामाजीपंतांची. दुष्काळात मंगळवेढ्याचं सरकारी कोठार त्यांनी लोकांसाठी उघडलं. धान्याची किंमत बिदरच्या दरबारात भरायला विठ्ठल विठू महाराच्या वेषात गेला. इथे दामाजीपंतांकडे कसलीही शक्ती नव्हती. होता फक्त निर्णय, आणि तोही मान पणाला लावून घेतलेला. मला यात सुपरहीरो दिसतो तो दामाजीपंतांत. विठ्ठल तर त्यांच्या मदतीला आलेला.

सिनेमा कुठे कमी पडतो?

सुपरहीरोला खलनायक लागतो. तो नसला तर तिकीट कोण काढणार? संन्याशाचा रोजचा प्रश्न भिक्षेचा असतो, आणि त्यात मारामारी नाही. गाणगापुरात दत्तगुरू दुपारी माधुकरीला येतात अशी श्रद्धा आहे. म्हणून मोठ्या गाडीतून आलेला भाविकही त्या वेळी झोळी घेऊन पाच घरी उभा राहतो आणि पदरात पडेल ते खातो.